वंशावळीत न मावलेले रामशास्त्री

श्रीगोंद्याच्या बाजारपेठेतील आमच्या दुकानात जुन्या वह्यांचे कोरे कागद वाया जात नाहीत. गेल्या चातुर्मासात त्यांतील एक कागद निराळ्याच कामी आला. इंग्रजी माध्यमात शिकणारी माझी नात कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ वाचायला बसली होती. घरात मारवाडी, शाळेत इंग्रजी आणि मराठी काय ती दुकानाच्या उंबऱ्यावर भेटणारी. अशा घरांतील मुलांची जी अवस्था होते तीच तिची झाली. थोड्याच वेळात ती पुस्तक घेऊन गादीजवळ आली व म्हणाली, “दादाजी, रघुनाथराव, राघोबा आणि दादासाहेब ही तीन माणसे आहेत की एकच?”

तिची अडचण भाषेची कमी आणि नात्यांची अधिक होती. 1909 साली हे नाटक रंगभूमीवर आले, तेव्हा प्रेक्षकाला पेशव्यांचे घराणे तोंडपाठ होते. आजच्या मुलांना ते ठाऊक नाही. म्हणून आम्ही वहीच्या कागदावर वंशावळ मांडली. वर बाळाजी विश्वनाथ, खाली थोरले बाजीराव व चिमाजीअप्पा. बाजीरावांखाली नानासाहेब व रघुनाथराव. नानासाहेबांखाली तीन मुलगे : 1761 साली पानिपतावर पडलेले विश्वासराव, 1772 साली थेऊरला निवर्तलेले माधवराव आणि सर्वांत धाकटे नारायणराव. प्रत्येकाचे जन्मवर्ष लिहिताच कागद बोलू लागला. राघोबांचा जन्म 1734 चा, नारायणरावांचा 1755 चा. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात पुतण्याची हत्या झाली, तेव्हा तो अवघा 18 वर्षांचा होता आणि काका चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. गादी तीनदा जवळून निघून गेलेला वडीलधारा आणि ती अकाली लाभलेला तरुण! एकत्र कुटुंबात व पिढीजात पेढीवर वाढलेल्या आपल्या वाचकांना याहून अधिक सांगावयास नको.

नातीने मग विचारले, “यात रामशास्त्री कुठे लिहायचे?”

मी निरुत्तर झालो. ज्यांनी राघोबांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले, त्या न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांना या वंशावळीत जागाच नव्हती. आनंदीबाईंनाही नव्हती, कारण आपल्या जुन्या वंशावळींत सुनांची नावे लिहिण्याची रीत नाही. म्हणजे ज्या दोन व्यक्तींवाचून हे नाटक उभेच राहणार नाही, त्या दोघीही कागदाबाहेर! नातीने आनंदीबाईंचे नाव राघोबांशेजारी लिहिले. रामशास्त्र्यांचे मात्र समासात, सर्वांपासून दूर. त्यांची खरी जागा तीच होती. ज्याचा गादीवर हक्क नाही आणि गादीकडून ज्याला काही नको, तोच तेथे निर्भयपणे बोलू शकतो.

तेव्हा दुसरा तक्ता करावा लागला आणि त्याची वाट आपल्या परंपरेनेच दाखविली. लेश्यावृक्षाचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. जांभळाचे झाड एक, भुकेली माणसे सहा. एकजण मुळासकट झाड तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा लहान डहाळी, चौथा घोस, पाचवा केवळ पिकलेली फळे. सहावा मात्र जमिनीवर पडलेलीच वेचतो. भूक सारखीच, भाव निरनिराळे. कृष्णापासून शुक्लापर्यंतच्या सहा लेश्यांचे गहन विवेचन हे एक चित्र बालकालाही समजावते. अढाई द्वीपाचे पट आणि समवसरणाची चित्रेही याच हेतूने काढली गेली.

तसेच आम्ही मधोमध ‘गादी’ असे लिहिले व भोवती त्या प्रकरणातील सहा माणसे मांडली : राघोबा, आनंदीबाई, गारदी, नारायणराव, त्यांची गर्भवती पत्नी गंगाबाई आणि रामशास्त्री. प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहावयाचे : याला काय हवे आहे? राघोबांपुढे लिहिण्यापूर्वी नातीला नाटक पुन्हा उघडावे लागले. त्यांना पुतण्याचा मृत्यू हवा होता की केवळ कैद? ‘ध’चा ‘मा’ झाल्याची लोककथा याच प्रश्नाभोवती फिरते. तक्त्याने उत्तर दिले नाही. पण उत्तर शोधण्यासाठी मुलीला संवादांकडे परत पाठविले.

नाटकासाठी नकाशाही असाच उपयोगी पडतो. वसंत कानेटकरांचे ‘इथे ओशाळला मृत्यू’ हे संभाजीराजांच्या अखेरच्या पर्वावरील नाटक वाचताना आम्ही तीन ठिकाणे जोडली. कोकणातील संगमेश्वर, जेथे 1689 च्या फेब्रुवारीत राजे पकडले गेले. बहादूरगड, जेथे त्यांना औरंगजेबाच्या छावणीत आणले गेले. आणि तुळापूर, जेथील परिसरात 11 मार्च 1689 रोजी त्यांचा अंत झाला. यातील बहादूरगड म्हणजे आपल्या श्रीगोंदा तालुक्यातील पेडगावचा किल्ला. नकाशावर निळी रेघ ओढताच ध्यानी आले की, तुळापूर आणि पेडगाव दोन्ही भीमेच्याच काठी आहेत. वरचे पाणी वाहत खाली पेडगावाशी येते. ज्या रस्त्याने आपण मालाच्या वसुलीस जातो, त्याच्या आसपास एवढे घडले याची जाणीव त्या संध्याकाळी घरातील थोरामोठ्यांनाही नव्याने झाली.

वाचकांना विनंती एवढीच की, मुलाला जुने नाटक कठीण वाटले तर त्याला सारांश देऊ नये. कोरा कागद द्यावा. नाती त्याने जोडावीत, गावे त्याने नकाशावर शोधावीत आणि जी व्यक्ती कोठेच बसत नसेल तिच्यापाशी त्याने थांबावे. संवाद मात्र मोठ्याने वाचावेत व शक्य तेव्हा प्रयोग पाहावा. कागदावर आवाज उतरत नाही.

आमचा तो कागद आता जमाखर्चाच्या वहीतच ठेवला आहे. समासातील रामशास्त्र्यांच्या नावापुढे नातीने अजून काही लिहिलेले नाही. “त्यांना काय हवे होते, ते ठरत नाही,” असे ती म्हणते. मीही तिला घाई करीत नाही.