माणदेशात ‘माणदेशी माणसं’

एसटी स्टँडच्या मागची गल्ली. दुपारचे चार वाजून गेले तरी डांबर चपलेला चिकटतंय. रसवंतीचे घुंगरू वाजतात, त्यावर फिटरच्या दुकानातला ग्राइंडर किंचाळतो. डाळिंबाच्या क्रेटांनी भरलेला टेंपो वळणावर अडकलाय. त्याच्या कडेने सायकली, बायका, एक शेळी, सगळे अंग चोरून निघतात. भिंतीला हात लागला तर चटका बसतो.

माणगंगेच्या खोऱ्यातलं हे तालुक्याचं गाव. पाऊस वर्षाला सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, तोही पुष्कळदा कागदावरच. नदीच्या पुलावरून येताना मी खाली पाहिलं. वाळू, वेड्या बाभळी आणि क्रिकेट खेळणारी पोरं.

वाचनालय वरच्या मजल्यावर आहे. खाली खताचं दुकान. जिन्यात खताचा उग्र वास कोंडलेला असतो. सहा-सात पायऱ्या चढल्यावर त्यात जुन्या कागदाचा वास मिसळायला लागतो. दारावर पत्र्याची पाटी आहे, ‘शासनमान्य, ब वर्ग’. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानंतर अशा पाट्या राज्यभर लागल्या, अ, ब, क आणि ड अशा वर्गांच्या. अनुदान किती मिळायचं ते त्या एका अक्षरावर ठरतं. म्हणजे नवी पुस्तकं किती येणार, पंखा दुरुस्त कधी होणार, तेही.

देवघेवीच्या टेबलापुढे रांग आहे. हेल्मेट काखेत धरलेला एक जण. कापडी पिशवीतून दोन कादंबऱ्या काढणाऱ्या काकू. गणवेशातला मुलगा, त्याला भुताचंच पुस्तक हवंय. ग्रंथपाल ताई मान वर न करता सभासद क्रमांक विचारतात. उन्हानं शिक्क्याचं पॅड वाळलंय. ताई बाटलीतलं पाणी बोटानं त्यावर शिंपडतात, शिक्का दाबतात, तारीख अर्धीच उमटते. परत दाबतात. रांग एक पाऊल पुढे सरकते.

प्लायवुडच्या पडद्यापलीकडे अभ्यासिका. तिथली पोरं पोलिस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची. प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, कडेला मोबाइल पालथा. पानं उलटल्याचा आवाज येतो, खुर्ची सरकल्याचा येतो. बाकी काही नाही. एक मुलगी ओढणीच्या टोकानं कपाळ टिपते आणि पुन्हा नकाशात डोकं घालते.

मी रांगेत उभी आहे ती एका पुस्तकासाठी.

इथल्या वाचकांनी एक पद्धत पाडलीय. सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं. ज्याला हवं त्यानं यादीत नाव घालायचं, पुस्तक आठ दिवसांसाठी घरी न्यायचं, पुढच्याला द्यायचं. आणि गुरुवारी संध्याकाळी वर्तमानपत्रांच्या खोलीत जमून त्यातली एक गोष्ट मोठ्यानं वाचायची. सध्या पाळी आहे ‘माणदेशी माणसं’ची. पहिली आवृत्ती १९४९ सालची. लिहिणारा याच मातीतला, त्याचं गाव इथून हाकेच्या अंतरावर. प्रती दोनच आहेत. नवी प्रत कायम कुणाकडे तरी असते. जुनी ताईंच्या ड्रॉवरमध्ये असते, आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाही.

ताई ती माझ्या हातात देतात. “सांभाळून हं, मधली पानं सुटलीत.”

पुठ्ठा दोनदा तरी बांधलेला आहे. कण्यावर निळं कापड. आतली पानं चहाच्या रंगाची झालीत, कडा पिठासारख्या सुटतात. शेवटच्या पानावर तारखांची पट्टी चिकटवलीय, ती भरली म्हणून तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. एका पानात एसटीचं जुनं तिकीट. पहिल्याच पानावर जांभळा शिक्का आहे, पुस्तकात लिहू नये असा.

आणि पुस्तकभर लिहिलेलं आहे.

समासात. पेन्सिलीनं, शाईनं, एके ठिकाणी नुसत्या नखाच्या ओरखड्यानं. ‘रामा मैलकुली’च्या शीर्षकाशेजारी कुणीतरी लिहिलंय, ‘आमचे आण्णा’. त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘आणि आमचे दाजी’. ‘माझा बाप’च्या शेवटी फक्त एक तारीख आणि त्यापुढे ‘वारले’. ‘झेल्या’च्या पहिल्या ओळीखाली एक मोडकं, लहान मुलाचं अक्षर, ‘हा मीच’. वाचणाऱ्यांनी गोष्टीशेजारी आपापलं माणूस आणून बसवलंय. ताई दर वर्षी पुस्तकं तपासतात, फाटलेली वेगळी काढतात, बाद करायच्या पुस्तकांची यादी करतात. हे पुस्तक त्या यादीत जात नाही. समासातलं एकही अक्षर त्यांनी खोडलेलं नाही. फार योग्य केलंय, असं मला मनापासून वाटतं.

साडेपाच. वर्तमानपत्रांची खोली. लांब टेबल, दोन बाकं, भिंतीला टेकवलेल्या घडीच्या खुर्च्या. वीज गेलीय. खिडक्या सताड उघड्या, तरी वारा नाही. माणसं एकेक करून येतात आणि दिवसभराच्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालून वारा घेत बसतात. निवृत्त गुरुजी आहेत, धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यावर आयुष्य काढलेले तात्या आहेत. आक्का आहेत, नऊवारी, हातात डाळिंबाची पिशवी; सगळ्यांना दोन-दोन वाटतात. कोपऱ्यात पन्नाशीचा एक माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोटांची टोकं पिवळट काळी. गलाईवाला. यात्रेसाठी गावी आलाय. अभ्यासिकेतली दोन पोरंही दबक्या पावलानं येऊन दाराशी उभी राहतात.

वाचायला कॉलेजची मुलगी आहे. ‘धर्मा रामोशी’ काढते. घसा खाकरते, सुरू करते.

पहिल्या पानाला तिचा आवाज पाठांतराचा आहे. मग सावकाश बदलतो. खालून हॉर्न येतो, ती थांबत नाही. म्हातारा धर्मा, त्याची उपासमार, त्याची लेक. लेखक धर्माला धोतर देतो आणि तरी धर्मा फाटक्यातच दिसतो. वर्तमानपत्रांचे पंखे हळूहळू थांबतात. ते धोतर लेकीच्या अंगावर दिसतं त्या जागी मुलगी क्षणभर अडते. पुढे वाचते. संपवते.

कुणी ‘छान’ म्हणत नाही. शैलीबद्दल, वाङ्मयातल्या स्थानाबद्दल कुणी बोलत नाही. या बैठकीत ते होतच नाही. इथे गोष्ट संपली की माणसं आपली काढतात.

“आमच्यात धड लुगडं एकच व्हतं,” आक्का म्हणतात. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत. “बहात्तर साली. थोरली जाऊ कामावर गेली का मी घरात. मी गेले का ती घरात. मुकादम इचारायचा, काल दुसरी आल्ती, आज तू कशी? काय सांगायचं त्याला?”

१९७२ चा दुष्काळ इथे इतिहासात गेलेला नाही. खडी केंद्रं, पाझर तलाव, रस्त्याची कामं. आक्का खडी फोडायला जायच्या. फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग लावायचा, मुकादमानं टेप धरायचा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ढीग पोकळ लागला तर तो पायानं ढकलून पाडायचा. आक्का दोन्ही हातांनी ढिगाची उंची दाखवतात. हात हवेत तसेच राहतात.

मला आजीचा अंगठा दिसतो.

डावा. त्याचं नख चेपलेलं होतं, मधोमध दुभंगून वाढलेलं. चुलीपुढे भाकरी थापताना ती तो अंगठा जरा वर धरायची, पिठाला लागू द्यायची नाही. पैसे मोजायची ते उजव्या हातानं. लहानपणी मी तिच्या मांडीवर झोपून त्या नखाच्या फटीवरून बोट फिरवायचे आणि ती हात काढून घ्यायची नाही. काय झालं होतं, घरात कुणी सांगितलं नाही. नंतर कधीतरी आईच्या तोंडून ‘खडीवरचा हातोडा’ एवढे दोन शब्द ऐकले. आज आक्कांच्या हवेतल्या हातांकडे बघताना आजी उन्हात बसलेली दिसते. मांडीखाली गोणपाट, डाव्या हातानं दगड धरलेला, उजव्यात हातोडी. तिच्याशेजारी बाभळीला झोळी. झोळीत कोण असेल तेही मला कळतं. माझी आईच.

शेजारी बसलेल्या तात्यांना माझा चेहरा दिसतो की काय कोण जाणे. ते डाळिंब फोडून अर्धं माझ्या हातात देतात.

“मैलकुलीचं कुणी लिवंल असं वाटलं नव्हतं,” ते म्हणतात. त्यांचा रस्ता त्यांना अजून पाठ आहे. मैलाच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत. खड्डे मुरुमानं भरायचे, साइडपट्ट्या ओढायच्या, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावायचा. उन्हाळ्यात रोपांना घागरीनं पाणी घालायचं. चिंचा त्यांनी लावल्या, जगवल्या. रुंदीकरणात गेल्या. “एक ऱ्हायलीय. पुलाच्या अलीकडं. येताना बघितली असंल तुम्ही.”

मी पाहिलीय. बस तिच्याच सावलीत थांबली होती.

गुरुजींचं वेगळंच. त्यांना ‘झेल्या’बद्दल बोलायचंय, आज ती गोष्ट नसली तरी. वाड्यांवरच्या एकशिक्षकी शाळा, हजेरीपट आणि त्यात दिवाळीनंतर मेंढरांमागे निघून जाणारी पोरं. नाव काढून टाकलं तर पोर कायमचं जाईल, म्हणून नाव ठेवायचं. पावसाळ्यात पोर परत येई तेव्हा पाढे विसरलेलं असे, पण कोकणापर्यंतची सगळी वाट त्याला तोंडपाठ. “त्याचे गुण कुठल्या रकान्यात भरायचे?” गुरुजी विचारतात, आणि खरोखरच उत्तराची वाट बघतात.

वीज येते. पंखा कुरकुरत फिरायला लागतो. टेबलावरचे कागद उडतात, चार हात एकदम पुस्तकावर पडतात.

गलाईवाला आतापर्यंत गप्प आहे. त्याला बोलतं करतात ती दारातली पोरं. आटपाडी, विटा, खानापूर या पट्ट्यातली माणसं देशभरच्या सराफ गल्ल्यांत जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामावर आहेत. हा मिसरूड फुटायच्या आधीच गेला, दक्षिणेत. दहा बाय दहाची खोली, भट्टी, तेजाबाचा धूर. एका खोलीत पाच जण, पाचही इकडचेच. कुणाच्यातरी ट्रंकेत हे पुस्तक होतं. “भट्टी इझली का एकानं वाचायचं, बाकीच्यांनी पडून ऐकायचं. बाहेर पाऊस लई पडायचा तिकडं. आन् आमी आत पाऊस नसलेलं गाव ऐकत पडायचो.” त्या प्रतीचं काय झालं? खोल्या बदलल्या, माणसं बदलली, पुस्तक पुढच्या खोलीत गेलं. त्याला आता पुन्हा वाचायचंय. पण परवा त्याची गाडी आहे.

ताई दारात येऊन उभ्या आहेत, यादी हातात. नियम आठ दिवसांचा. पुढचं नाव माझं आहे.

“आज रात्री यांना द्या,” मी म्हणते. “उद्या संध्याकाळी मी घेते.”

ताई यादीत माझ्या नावाच्या वर एक ओळ घुसवतात. सभासद क्रमांकाच्या जागी काय लिहायचं, क्षणभर विचार करतात आणि त्याच्या गावाचं नाव लिहितात. तो सदऱ्याला हात पुसून पुस्तक घेतो, सुटलेली पानं आत सारतो.

बैठक मोडायला हवी. कुणी उठत नाही. अभ्यासिकेतला मुलगा आक्कांच्या समोरच्या बाकावर येऊन बसलाय. त्याच्या पुस्तकात १९७२ च्या दुष्काळावर प्रश्न येतो, रोजगार हमी कायद्याचं साल येतं, १९७७. ते त्याला पाठ आहे.

“आक्का, मिलो म्हणजे काय वो?”

“लाल जोंधळा. अमेरिकेचा. रेशनला यायचा. भाकरी थापायला गेलं का कडंनं तुटायची.”

“आणि सुकडी?”

“ती कामावर मिळायची. गोड व्हती.” आक्का डाळिंबाची साल पिशवीत टाकतात. “म्हणून तर पोरं उन्हातनं आमच्या मागं यायची. हाकलली तरी यायची.”

“आमच्या शाळंत पण यायची पोती,” गुरुजी खुर्ची पुढे ओढतात. “थांबा, ते वेगळं सांगतो.”