सर्व्हरची अकल्पित निद्रा : कारणमीमांसा व निराकरण

संशोधनकार्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेला लिनक्स सर्व्हर पूर्वसूचनेवाचून निद्रावस्थेत जावा, हा अनुभव विद्यापीठीय विभागांना नवा नाही. अशा वेळी यंत्र बिघडले, वीज गेली किंवा जोडणी तुटली, असे तर्क प्रथम केले जातात. वस्तुतः बहुतेक प्रसंगी यंत्रात कोणताही बिघाड नसतो. कोणीतरी दिलेल्या आज्ञेचे ते निमूटपणे पालन करीत असते. ती आज्ञा कोणी दिली, याचा शोध घेणे हेच निदानाचे खरे कार्य होय.

या प्रश्नाचे महत्त्व दूरस्थ ठिकाणी विशेष जाणवते. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील महाविद्यालये 2011 साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. समजा, नागभीड परिसरातील माजी मालगुजारी तलावांच्या पाणीपातळीच्या नोंदी दर तासाला ग्रहण करण्यासाठी तेथील एका खोलीत जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून ठेवला आहे. अंगची बॅटरी असल्यामुळे अल्पकाळ वीज गेली तरी तो चालू राहतो, म्हणून ही निवड सयुक्तिकच ठरते. तथापि तो झोपी गेला, तर त्याला जागे करावयास जवळ कोणी असेलच असे नाही. शिवाय तो जेव्हा खोलीत कोणी नसते तेव्हाच, म्हणजे रात्री, रविवारी व दीर्घ सुट्टीत झोपतो. त्यामुळे नोंदींतील उणीव यादृच्छिक राहत नाही. रात्रीच्या पावसाने तलाव भरला, तर नेमकी तीच वाढ नोंदवहीत सापडत नाही आणि उपलब्ध आकड्यांवरून काढलेली सरासरी एका बाजूस झुकते. प्रश्न केवळ गैरसोयीचा नसून निष्कर्षाच्या विश्वसनीयतेचा आहे, तो यामुळे.

निद्रा म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या संस्थांनी डिसेंबर 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एसीपीआय’ या मानकात संगणकाच्या विश्रांतीच्या पायऱ्या ठरविलेल्या आहेत. त्यांपैकी ‘एस 3’ या अवस्थेत केवळ स्मृतीला वीजपुरवठा चालू राहतो आणि प्रक्रियक थांबतो. ‘एस 4’ मध्ये स्मृतीतील आशय डिस्कवर उतरवून यंत्र जवळजवळ पूर्णतः बंद केले जाते. लिनक्समध्ये पहिलीस ‘सस्पेंड’ व दुसरीस ‘हायबरनेट’ म्हणतात. घरगुती वापरात ही सोय उपकारक आहे. सर्व्हरच्या बाबतीत मात्र तीच अपकारक ठरते.

निदानाचा आरंभ तीन शक्यता परस्परांपासून वेगळ्या करण्याने व्हावा : निद्रा, आकस्मिक बंद पडणे आणि केवळ नेटवर्क तुटणे. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात, कारण तिन्हींत यंत्र उत्तर देत नाही. भेद दिसतो तो प्रणालीच्या नोंदवहीत. ‘जर्नलसीटीएल’ या आदेशाने ती वाचता येते. संशयित काळातही नोंदी अखंड असतील, तर यंत्र जागेच होते. दोष नेटवर्क कार्डाच्या वीजबचतीत किंवा जोडणीत शोधावा. नोंदी एकाएकी तुटून पुढे यंत्राचा नवा आरंभ दिसत असेल, तर ते बंद पडले होते. परंतु ‘सस्पेंड एंट्री’ अशी गाभ्याची ओळ, त्यानंतर काही तासांची पोकळी आणि मग त्याच आरंभातील ‘सस्पेंड एग्झिट’ ही ओळ आढळली, तर निद्रा सिद्ध झाली. ‘अपटाइम’ हा आदेशही साक्ष देतो : निद्रेनंतर तो मूळ आरंभापासूनचा काळ दाखवितो, बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या यंत्रात मात्र गणना शून्यापासून सुरू होते. काही मांडण्यांत नोंदवही केवळ तात्पुरत्या स्मृतीत राहते व यंत्र बंद पडताच नष्ट होते. म्हणून ती डिस्कवर कायम राहील अशी तजवीज आधीच करावी.

नागपूरकडील लोहमार्ग आणि गोंदिया-बल्लारपूर मार्ग नागभीड जंक्शनात एकत्र येतात. अशा जंक्शनाबाहेर लाल सिग्नलपाशी गाडी उभी असेल, तर इंजिन उघडून पाहणे व्यर्थ होय. सिग्नल कोणी व का दिला, हे विचारावे लागते. सिद्ध झालेल्या निद्रेबाबतही हाच न्याय लागू पडतो.

आज्ञा देणाऱ्यांत पहिला संशयित म्हणजे चित्रमय प्रवेशपट. पुष्कळ सर्व्हरांवर ‘ग्नोम’ हे कार्यपटल विनाकारण बसविलेले असते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 3.28 या आवृत्तीपासून वीजजोडणी असतानाही 20 मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर सस्पेंड, असे मूळ मूल्य ठेवण्यात आले. पुढील आवृत्त्यांत व वितरणांत हा काळ भिन्न असू शकतो. येथे ‘निष्क्रियता’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. ती कळफलक व माउस यांवरून मोजली जाते, चाललेल्या कामावरून नव्हे. यंत्र गणितात गढलेले असले, दूरवरून कोणी ‘एसएसएच’ने आत काम करीत असले, तरी कळ दाबली गेली नाही म्हणून प्रवेशपट त्यास रिकामे समजू शकतो. शिवाय प्रवेशपट स्वतःच्या स्वतंत्र खात्याखाली चालतो. वापरकर्त्याने आपल्या खात्यात वीजबचत बंद केली तरी प्रवेशपटाची मांडणी बदलत नाही. ‘सर्व बंद करूनही यंत्र झोपते’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडते.

दुसरा संशयित लॅपटॉपचे झाकण. सत्रांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘लॉगइनडी’ या सेवेत झाकण मिटताच सस्पेंड करणे हे मूळ मूल्य आहे. नोंदवहीत तत्पूर्वी ‘लिड क्लोज्ड’ अशी ओळ दिसते. तिसरा संशयित बॅटरीची अखेरची पातळी. ती येताच ‘यूपॉवर’ ही सेवा ठरलेली कृती करते. लॉगइनडीमध्ये स्वतंत्र निष्क्रियता-कृतीही आहे. पण ती मुळात निष्प्रभ असल्याने कोणी हेतुतः चालू केली असेल तरच तिचा विचार करावा.

उपाय कारणानुरूप असावा. चित्रमय पटलाची गरज नसेल, तर यंत्राचा आरंभ ‘मल्टी-यूजर’ या लक्ष्यावर ठेवावा, म्हणजे प्रवेशपटच उरत नाही. गरज असल्यास प्रवेशपटाच्या खात्यातील निद्रेची कृती रद्द करावी. झाकणासाठी लॉगइनडीच्या मांडणीत ‘इग्नोर’ हे मूल्य द्यावे. अखेरीस ‘सिस्टिमसीटीएल मास्क’ या आदेशाने स्लीप, सस्पेंड, हायबरनेट व हायब्रिड-स्लीप ही चारही लक्ष्ये झाकून टाकता येतात. तथापि केवळ या अखेरच्या उपायावर विसंबू नये. त्याने दार बंद होते, परंतु दार ठोठावणारा तसाच राहतो आणि नोंदवही निष्फळ विनंत्यांनी भरू शकते. तसेच बॅटरी संपत आल्यावर यंत्राने रीतसर बंद होणे हितावहच आहे. म्हणून यूपॉवरची अखेरची कृती स्पष्टपणे ‘पॉवर-ऑफ’ ठेवावी. अन्यथा दीर्घकाळ वीज गेल्यावर यंत्र अचानक मरेल आणि अर्धवट लिहिलेल्या नोंदी दूषित होतील.

उपायाची परीक्षाही काळजीपूर्वक व्हावी. यंत्रासमोर बसून कळा दाबीत राहिल्यास निष्क्रियतेची गणना प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते आणि परीक्षा निरर्थक ठरते. सर्व वापरकर्ते बाहेर पडलेले, झाकण मिटलेले व ठरलेल्या काळाच्या किमान दुप्पट वेळ कोणी स्पर्श न केलेला, अशा स्थितीत यंत्र जागे राहिले तरच उपाय सिद्ध झाला असे मानावे. पुढे दर काही मिनिटांनी घड्याळाची एक ओळ लिहिणारे छोटे नित्यकार्य ठेवल्यास पुढील कोणतीही पोकळी तत्काळ उघड होते.

आधीच गमावलेल्या नोंदी मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाहीत. त्या शेजारच्या आकड्यांवरून गुपचूप भरून काढणे हा सामग्रीशी अपराध होय. पोकळी केव्हा सुरू झाली व केव्हा संपली, हे नोंदवहीतील सस्पेंडच्या ओळींवरून अचूक सांगता येते. तो अवधी व त्याचे कारण सामग्रीसोबत नमूद केल्यास पुढील अभ्यासकास कोरडी रात्र आणि न पाहिलेली रात्र यांतील भेद कळू शकेल.