गळक्या झडपेची दुरुस्ती

मनुष्याचे हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते, आणि तितक्याच वेळा डावे अलिंद व डावे निलय यांच्या सीमेवर तैनात असलेली मायट्रल झडप उघडते व मिटते. तिची पुढची व मागची अशी दोन दले एका लवचीक कड्याला जोडलेली असतात. दलांच्या कडांपासून निघालेले बारीक तंतू निलयातील दोन स्नायुस्तंभांना बांधलेले असतात. आणि निलय सर्व बळ एकवटून रक्त महाधमनीत लोटते, त्या क्षणी हेच तंतू दलांना अलिंदात उलटू देत नाहीत. कडे, दले, तंतू, स्तंभ व निलयाची भिंत या पाचांपैकी एक जरी कर्तव्याला चुकला, तरी रक्ताचा काही अंश आल्या वाटेने मागे फिरतो. हेच झडपेचे गळणे होय. निलय हा वाढीव भार वर्षानुवर्षे निमूटपणे सोसते व फुगत जाते. आणि जिना चढताना दम लागण्याची तक्रार रुग्ण करू लागतो, तोवर निलयाच्या स्नायूचे सामर्थ्य कित्येकदा उताराला लागलेले असते.

शल्यवैद्यांचे हात या झडपेपर्यंत पोहोचले ते प्रथम तिचे अरुंद तोंड उघडण्याच्या निमित्ताने. लंडनमध्ये हेन्री सुटर यांनी 1925 साली धडधडत्या हृदयात बोट घालून ते मोठे करण्याचा प्रयत्न केला. परंतु तो साधूनही पुढे कोणी त्यांच्याकडे रुग्ण पाठविला नाही, आणि ही वाट खऱ्या अर्थाने खुली झाली ती 1948 मध्ये, अमेरिकेत बेली व हार्केन यांच्या हातून. तथापि अरुंद तोंड स्पर्शाने उघडता येते. गळती मिटवायची तर ती डोळ्यांनी पाहावी लागते. गिबन यांनी 1953 मध्ये फिलाडेल्फियात हृदय-फुफ्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया यशस्वी केली, आणि ही मुभा मिळाली. काही वर्षांतच लिलेहाय यांनी मिनेसोटात गळकी झडप प्रत्यक्ष पाहून शिवली. परंतु 1960 मध्ये स्टार व एडवर्ड्‌स यांची पिंजऱ्यातील चेंडूची कृत्रिम झडप आली, आणि दुरुस्तीपेक्षा बदलण्याकडे बहुतेकांचा कल झाला. बदलणे ठरावीक पद्धतीचे, शिकवता येण्याजोगे व खात्रीचे होते. मात्र धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध रुग्णाच्या मागे आजन्म लागे.

या प्रवाहाविरुद्ध उभे राहिले ते पॅरिसच्या ब्रुसे रुग्णालयातील आलें कार्पांतिए. विशेष हे की, डुकराच्या झडपेवर ग्लुटाराल्डिहाइडची प्रक्रिया करून ती मानवी हृदयात टिकाऊ करण्याचे श्रेयही त्यांचेच. म्हणजे बदलण्याची कला ज्यांनी पुढे नेली, त्यांनीच जुनी झडप राखण्याचा पक्ष घेतला. फुगलेल्या हृदयात झडपेचे कडे केवळ मोठे होत नाही, तर त्याचा आकारच बिघडतो, हे त्यांनी ओळखले. चौकट वाकली तर फळी कितीही चांगली असली तरी दार बसत नाही. म्हणून टाके आवळून कडे लहान करण्याऐवजी, मिटलेल्या निरोगी झडपेच्या आकाराचे घडीव वलय शिवून त्याला मूळ रूप देण्याची तजवीज त्यांनी 1968 मध्ये केली.

त्याहून मोलाची आहे ती त्यांची विचारपद्धती. रोग कोणता हे विचारण्याआधी दले कशी हलतात हे पाहावे, असे त्यांनी सांगितले. हालचाल नेहमीसारखी असून गळती असेल, तर दोष बहुधा रुंदावलेल्या कड्याचा किंवा दलातील छिद्राचा. दल मर्यादेबाहेर वर जात असेल, तर तंतू लांबले किंवा तुटले आहेत. आणि दल अडून राहत असेल, तर ते आखडले आहे अथवा खाली ओढले गेले आहे. या तीन प्रकारांनी शल्यवैद्याला मार्गदर्शक नकाशा दिला, आणि 1983 मधील त्यांच्या प्रसिद्ध प्रबंधानंतर ही रीत ‘फ्रेंच करेक्शन’ या नावाने जगभर रूढ झाली.

प्रत्यक्ष कामाला संयम लागतो. रुग्णाचा रक्तप्रवाह यंत्राच्या स्वाधीन केल्यावर पोटॅशियमयुक्त द्रावणाने हृदय थांबविले जाते, अलिंद उघडले जाते, आणि बारीक आकड्यांनी दलांचा प्रत्येक भाग उचलून तपासला जातो. मागच्या दलाचा सुटलेला तुकडा कापून उरलेल्या कडा जोडतात, किंवा तुटलेल्या तंतूंच्या जागी टेफ्लॉनच्या जातीचे, पीटीएफईचे धागे नेमक्या लांबीचे बसवितात, कारण किंचित कमी-जास्त झाले तरी दल पुन्हा चुकते. त्यानंतर वलय शिवून निलयात क्षारजल भरून पाहतात. अखेरचा निकाल हृदय पुन्हा धडधडू लागल्यावर अन्ननलिकेतून केलेल्या इको तपासणीने लागतो. उल्लेखनीय गळती राहिली, तर यंत्रावर परतून पुन्हा काम करावे लागते.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक कठीण आहे, कारण येथे अनेक तरुणांच्या झडपा संधिज्वराने जाड झालेल्या व आखडलेल्या असतात, आणि त्या दुरुस्त करणे झीज झालेल्या झडपांपेक्षा अवघड जाते. तरीही दुरुस्तीचे महत्त्व येथेच जास्त. गावापासून दूर असलेल्या प्रयोगशाळेत वारंवार रक्त तपासून रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनची मात्रा ठरविणे ज्याला परवडत नाही त्याला, आणि गर्भाला या औषधाचा धोका असल्यामुळे ज्या तरुणीला मातृत्वाचा विचार करायचा आहे तिला, स्वतःची झडप शाबूत राहणे हे मोठेच अभय आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली स्वदेशी कृत्रिम झडप 1990 मध्ये प्रथम रुग्णाला बसविली गेली, आणि बदलणेच भाग असलेल्यांना तिने मोठा आधार दिला. परंतु जेथे दुरुस्ती टिकाऊ होऊ शकते, तेथे तिला अग्रक्रम मिळावा.

म्हणून वाचकांस तीन विनंत्या आहेत. मुलाचा घसा जिवाणूंमुळे सुजला असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेली पेनिसिलिनची मुदत पुरी करावी. संधिज्वर टळून बऱ्याच झडपा तेवढ्यानेच वाचतील. आणि घरात कोणाची मायट्रल झडप गळत असल्याचे निष्पन्न झाले, तर दम लागेपर्यंत न थांबता हृदयतज्ज्ञाकडे नियमित इको तपासणी करून घ्यावी. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली, तर ज्या शल्यवैद्याचा दुरुस्तीवर नित्याचा हात आहे अशालाच प्रथम विचारावे, की ही झडप राखता येईल काय.