तपकिरी रेघ

प्रेशर कुकर घरात असतो तसाच, स्टीलचा, शिटीवाला. आत बफरच्या द्रावणात काचेच्या स्लाइड उभ्या आहेत आणि त्यांवर एका माणसाच्या जठरातले तुकडे, तीन-चार मायक्रॉन जाडीचे. चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ असल्यानं रायपूरच्या मराठी माणसाच्या इथे फेऱ्या होतच असतात. मंडळातल्याच एका पॅथॉलॉजिस्ट ताईंनी जवळच्या आपल्या लॅबमध्ये मला बसू दिलं. पेशंटचं नाव विचारायचं नाही, एवढीच अट.

निदान आधीच झालेलं होतं: जठराचा कॅन्सर, तोही पसरलेला. आता ऑन्कॉलॉजिस्टला एकच उत्तर हवं होतं, हर-टू आहे की नाही.

जठराचं अस्तर सतत आम्ल झेलतं. वरच्या पेशी काही दिवसांतच झिजून गळतात, खालून नव्या येतात. नव्या पेशी कधी घडवायच्या याचे निरोप छोटी प्रथिनं नेतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढघटक म्हणतात. त्यातला ईजीएफ तर आपल्या लाळेतही असतो. स्टॅन्ली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथीत सापडला. त्या ग्रंथीचा अर्क टोचला की उंदराच्या नवजात पिल्लांचे डोळे वेळेआधीच उघडत. १९८६ मध्ये त्यांना रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं. हे मुद्दाम सांगतो, कारण 'कॅन्सर वाढवणारं द्रव्य' म्हटलं की काहीतरी विषारी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात जखम भरून आणणारी यंत्रणा तीच. कॅन्सर ती फुकटात वापरतो.

निरोप घ्यायला पेशीच्या आवरणावर रिसेप्टर असतात. वाढघटक येऊन चिकटला की दोन रिसेप्टर जोडीनं उभे राहतात आणि आतल्या प्रथिनांच्या साखळीतून 'दुभंगा, मरू नका' हा हुकूम केंद्रकापर्यंत पोचतो. निरोप सरला की हुकूमही थांबतो. हर-टू या रिसेप्टरचं तसं नाही. त्याला चिकटणारा स्वतःचा असा एकही वाढघटक आजवर मिळालेला नाही; तो दुसऱ्याशी जोडी जमवायला कायम तयार. जठराच्या काही कॅन्सरमध्ये त्याच्या जनुकाच्या प्रती वाढत जातात, आवरणावर त्याची गर्दी होते आणि मग निरोप येवो न येवो, हुकूम सुटतच राहतात.

कुकर निवला. फॉर्मलिनमध्ये प्रथिनं एकमेकांना जखडली जातात, अँटिबॉडीला बसायला जागाच उरत नाही. ती पकड सैल करायला ही उकळी. मग स्लाइड धुतल्या, अँटिबॉडीचे थेंब पडले, ओल्या डब्यात त्या पडून राहिल्या, पुन्हा धुतल्या. शेवटी डीएबी हे रसायन: जिथे हर-टू तिथे तपकिरी रंग. सोबत हर-टू नक्की असलेला एक तुकडाही रंगवतात. तो रंगला नाही तर सगळी बॅच बाद.

ताईंचा राग मात्र कुकरच्याही आधीच्या पायरीवर. तुकडा ६ ते ७२ तास फॉर्मलिनमध्ये हवा. बाहेरून येतात ते कधी सलाइनमध्ये, कधी आठवडाभर भिजलेले. "असा तुकडा आला तर मी त्यातून काय वाचू?" त्या म्हणाल्या. लाखाच्या औषधांवर चर्चा सगळे करतात, फॉर्मलिनच्या बाटलीकडे कुणी बघत नाही.

मायक्रोस्कोपला डोळा लावला. निळी केंद्रकं, त्यांच्या कडेनं तपकिरी रेघ. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ही रेघ पेशीभोवती पूर्ण फिरते. जठराच्या पेशींची ग्रंथीच्या पोकळीकडची बाजू बहुधा कोरीच राहते, म्हणून रेघ यू अक्षरासारखी उघडी. स्तनाचे नियम इथे लावले असते तर कितीतरी पेशंट निगेटिव्ह ठरले असते. बायोप्सीत म्हणूनच पाच रंगलेल्या पेशींचा एक पुंजका पुरेसा धरतात. शिवाय एकाच गाठीचा एक कोपरा रंगतो आणि शेजारचा रंगत नाही. निदान सहा-आठ तुकडे हवेत. या स्लाइडवर चारच होते.

"टू प्लस," ताई म्हणाल्या. शून्य आणि वन प्लस निगेटिव्ह, थ्री प्लस पॉझिटिव्ह. टू प्लस अधांतरी.

एवढा आटापिटा कशासाठी, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत दिसतं. हर-टू पॉझिटिव्ह पेशंटना केमोसोबत हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ महिन्यांवरून १३.८ वर गेलं. ज्यांच्यात हर-टू भरपूर होता त्यांच्यात ११.८ वरून १६ वर. आकडे लहान आहेत, मान्य. पण घरात लग्न ठरलेलं असेल तर चार महिने लहान नसतात. बायोकॉननं २०१४ मध्ये या औषधाचा देशी अवतार आणला, तेव्हापासून ते थोडं आवाक्यात आलं.

कॅन्सर पसरण्यामागे दुसरेही निरोप्ये आहेत. व्हीईजीएफ गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून आणतो, त्याची भावंडं लसीकावाहिन्या वाढवतात. एचजीएफ पेशींची एकमेकींवरची पकड सोडवून त्यांना हिंडायला लावतो. इथे विजय सरसकट नाहीत. व्हीईजीएफचा मार्ग अडवणाऱ्या रॅम्युसिरुमॅबला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्याच वर्षी एचजीएफ रोखणाऱ्या रिलोटुमुमॅबची मोठी चाचणी मात्र थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले.

टू प्लसनंतर फिश ही तपासणी. चमकणारे रंग जनुकाला चिकटवून निदान वीस पेशींत हर-टूच्या प्रती मोजायच्या. सोबतच्या गुणसूत्राच्या खुणेच्या दुप्पट किंवा जास्त भरल्या तर पॉझिटिव्ह. ती इथे होत नाही, तुकडे ज्यात बसवलेत तो ब्लॉक मुंबईला जाणार.

दुपारी पेशंटचा मुलगा ब्लॉक घ्यायला आला. पॉझिटिव्ह यावं की निगेटिव्ह, त्यानं विचारलं. ताई म्हणाल्या, या एका रिपोर्टात पॉझिटिव्ह बरं, एक औषध वाढतं. मग पॅराफिनचा ब्लॉक डबीत घालून त्याच्या हातात दिला आणि बजावलं: हा एकच आहे, कुरियरवाल्याकडे देईपर्यंत गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मे महिना आहे, पॅराफिन मऊ पडतं.