कणांची दुनिया, लेखांक ६ : वाफेचा चटका

मोदकपात्र शेगडीवर चढलं की आई दरवेळी बजावायची, "झाकण पलीकडच्या बाजूनं उचल गं." एका गणेश चतुर्थीला घाईघाईत मी ते आपल्याकडून उचललं आणि मनगट भाजून घेतलं. उकळत्या पाण्याचे शिंतोडे त्याआधीही हातावर उडाले होते, पण त्यांनी कधी फोड आला नव्हता. वाफेनं आला. पाणी १०० अंशांवर, वाफही १०० अंशांवर. मग हा फरक कशाचा?

पदार्थातले कण क्षणभरही स्वस्थ नसतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्या हालचालीशी जोडलेले तीन शब्द आज सुटे करू.

एकेका कणाच्या वाट्याला सरासरी किती गतिज ऊर्जा आली, याचं माप म्हणजे तापमान. हंड्यातलं कढत पाणी पेल्यात काढलं, तरी त्या क्षणी दोन्हीकडे तापमान तेच असतं. औष्णिक ऊर्जा ही मात्र सगळ्या कणांची बेरीज. त्यांच्या धावपळीची ऊर्जा तिच्यात येते, तशी त्यांच्या आपसातल्या ओढीशी निगडित ऊर्जाही येते. हंड्यात कण कितीतरी जास्त, म्हणून पेला लवकर निवतो आणि हंडा बराच वेळ ऊन राहतो. आणि गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे निघालेली, वाटेवरची ऊर्जा म्हणजे उष्णता.

आता मोदकपात्राकडे वळू. पाण्याला उकळी फुटल्यावरही खाली आच चालूच असते, पण तापमान १०० अंशांवरच थांबतं. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात आणि ती पकड सोडवण्यात ही ऊर्जा खर्ची पडते. १ ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० ज्यूल लागतात. रेणूंची सरासरी गतिज ऊर्जा वाढत नाही, म्हणून तापमापीला याचा पत्ताही लागत नाही. १७६०च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी ही दडलेली उष्णता मोजली. शाळेत आपण तिला अप्रकट उष्मा म्हणून शिकलो.

वाफ हातावर बसते तेव्हा रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि दडलेली सगळी ऊर्जा कातडीत सोडतात. १ ग्रॅम उकळतं पाणी ३७ अंशांपर्यंत निवताना सुमारे २६० ज्यूल देतं. तेवढीच वाफ आधी पाणी होताना २,२६० ज्यूल देते आणि वर हे २६० आहेतच. म्हणजे नऊ पटींहून जास्त! भाजलेला हात लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचा तो यासाठीच. कातडीतली उष्णता पाणी घेऊन जातं.

त्याच ऊर्जेवर मोदक शिजतो. गार पारीवर वाफ पाणी होऊन बसते आणि आपली ऊर्जा उकडीला देते. झाकण काढल्यावर कळ्यांवर दिसणारी ओलसर चकाकी ही त्याचीच खूण.

पुढच्या आठवड्यात माठ. तिथे पाण्याची वाफ होते आणि ऊर्जा उलट दिशेनं जाते.