साठीनंतरची बुलेट, लेखांक ५ : थांबलेल्या गाडीचं वजन

गेल्या आठवड्यात आपण डोळ्यांबद्दल बोललो. समोरून आलेल्या दिव्यांच्या झोतानंतर नजर सावरायला वयाबरोबर जास्त वेळ का लागतो, ते पाहिलं. आज वजनाकडे येऊ.

मागच्या पावसाळ्यात आंबा घाटाच्या माथ्यावर चहासाठी थांबत होतो. टपरीसमोरची जागा डावीकडे उतरती, वर बारीक खडी पसरलेली. गाडी थांबतच आली होती, हँडल टपरीकडे वळलेलं होतं आणि नेमका तेव्हाच मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी कलली, टेकवलेला पाय खडीवरून सरकला आणि क्लासिक ३५० आडवी झाली. लेग गार्डमुळे पाय वाचला. टपरीवाल्याचा मुलगा धावत आला. "काका, तुम्ही सरका, मी बघतो." दोघांनी मिळून उचलली. चौतीस वर्षांच्या बुलेटस्वारीत माझ्या हातून गाडी पाच-सहा वेळा पडली असेल. दर वेळी ती एक तर थांबलेली होती, नाहीतर थांबायला आलेली.

वेगात असताना गाडी कलली, तर पुढचं चाक आपणहून त्या बाजूला किंचित वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. वेग चालत्या माणसाइतका उतरला की ही मदत जवळजवळ संपते. मग १९५ किलोंचा तोल आपल्या एका पायावर आणि दोन हातांवर येतो.

हाताला नेमकं किती वजन लागतं, याचा ढोबळ हिशोब करता येतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि हँडलची मूठ एक मीटर उंच धरू. गाडी सरळ उभी असेल तर हाताला काहीच भार नाही. ५ अंश कलली की आठ-नऊ किलोंचा रेटा लागतो, १० अंशांना सतरा, २० अंशांना तेहतीस आणि ३० अंशांना जवळपास पन्नास. तोसुद्धा एका कुशीला वाकून, अर्ध्या सेकंदात द्यायचा. वयाबरोबर स्नायूंची ताकद उतरते, पण झटक्यात जोर लावायची क्षमता त्याहून लवकर उतरते. तिशीत मी विसाव्या अंशावरूनही गाडी खेचून आणत असे. आता दहाव्या अंशापलीकडे मला तिचा भरवसा देता येत नाही. तिथून पुढे ती पडू द्यावी, हँडल सोडून बाजूला व्हावं, असं मी आता ठामपणे सांगतो. वाकलेला लिव्हर थोडक्या पैशांत बदलता येतो. खांद्याचा फाटलेला स्नायू महिनोन् महिने छळतो.

म्हणून सगळी मेहनत पहिल्या दहा अंशांच्या आत ठेवायची. थांबायच्या वीस-पंचवीस फूट आधी जमीन वाचायची. उतार कुठे आहे, खडी किंवा शेवाळ आहे का, कुठला पाय टेकवायचा. शेवटच्या काही फुटांत हँडल सरळ हवं आणि ब्रेक मागचा. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला लोळतेच. अरुंद रस्त्यावर यू-टर्न घेताना अर्धा क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय आणि नजर जिथे जायचं तिथे. पुढच्या चाकाकडे पाहिलं की तोल जातो. मी महिन्यातून एकदा रिकाम्या मैदानात याचा सराव करतो, आणि दर वेळी पहिली दहा मिनिटं हात अवघडलेला असतो.

पार्किंगचं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते कुणी शिकवत नाही. उताराच्या तोंडाला, भिंतीकडे चाक करून गाडी कधीच लावू नये. परत निघताना ती मागे खेचावी लागते आणि साठीतली कंबर तिथेच लचकते. आधीच फिरवून लावावी, पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. साइड स्टँड डावीकडे असतो, म्हणून उजवीकडे उतरती जागा टाळावी, नाहीतर गाडी सरळ उभी राहते आणि हलक्या धक्क्यानंही उजवीकडे पडते. मेन स्टँडवर चढवताना हातानं ओढायचं नाही. स्टँडच्या पट्टीवर पाय ठेवून सगळं अंग त्यावर तोलायचं, गाडी आपोआप वर येते.

पडलीच, तर आधी किल्ली बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड उघडून ठेवावा. मग सीटकडे पाठ करून उकिडवं बसायचं, हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवून एका हातानं त्याची मूठ आणि दुसऱ्यानं मागची पक्की दांडी धरायची, पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे सरकायचं. उतारावर एकट्यानं हे करू नये. कुणी येईपर्यंत थांबावं.

सीटची उंचीही पाहावी. क्लासिकची ८०५ मिलिमीटर आहे, मीटिअरची ७६५. हा चार सेंटिमीटरचा फरक बुटक्या माणसाला पूर्ण तळवा देतो. गेल्या महिन्यात मी मीटिअर चालवून पाहिली आणि टपरीसमोरच्या त्याच उतारावर मुद्दाम थांबलो. दोन्ही टाचा टेकल्या.

पुढच्या आठवड्यात मागच्या सीटबद्दल. आमच्या घरी "अहो, बसू का?" विचारल्याशिवाय आणि माझं "बस" ऐकल्याशिवाय फूटरेस्टवर पाय पडत नाही. ती सवय कशी लागली, तिथून सुरुवात करू.