बिळातली टकटक

पन्हाळ्यावर काय नाही ते विचारा, म्हणजे सांगतो. समुद्र नाही. बाकी धुकं आहे, जांभा दगड आहे, अंधारबाव आहे, आणि पावसाळ्यात आभाळातनं पाणी असं कोसळतं की चार-चार दिवस छत्री वाळत नाही. पण खारं पाणी बघायचं तर गड उतरून आंबा घाटानं थेट रत्नागिरी गाठावी लागते. आता समजा, एखाद्या हौशी माणसाच्या मनात आलं की समुद्रच वर आणावा, ह्या तीन हजार फुटांवर, घरात, काचेच्या पेटीत. तर येतो बरं का आणता! फक्त त्याचं मीठ भाकरीच्या पिठात घालतो ते नव्हे. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यात मिठाशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी बरीच मंडळी असतात, म्हणून खाऱ्या पेटीसाठीचं तयार मिश्रण आणून ते गाळीव पाण्यात कालवायचं. मग पाणी आटलं की नवखा माणूस वरनं पुन्हा खारंच पाणी ओततो, आणि इथंच फसतो, कारण उडतं ते पाणी, मीठ मागंच राहतं. तेव्हा भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. आणि तांब्याला त्या पेटीत थारा नाही. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं, माशाला ते सोसतं, पण कोळंबीच्या जातीला इवलंसं तांबंसुद्धा जीवघेणं.

पण ह्या कोळंबीकडं बघतो कोण? मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडलं, रत्नागिरीत झाडगावला कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात मत्स्यसंग्रहालय आहे. अशा ठिकाणाहून आलेलं पोर घरी काय सांगतं? कासव सांगतं, रंगीत मासे सांगतं. कोळंबीचं नाव काढत नाही. बिचारीचा दोष एवढाच, की ती दिवसभर बिळात.

पण बिळात आहे म्हणून गरीब आहे असं समजू नका. खाऱ्या पेट्या पाळणाऱ्यांत एक गोष्ट जगभर ऐकू येते. समुद्रातनं काढलेला, जिवाणू-शेवाळानं भरलेला दगड आणून पेटीत ठेवायची पद्धत आहे (आपल्याकडं मालवणच्या अभयारण्यातनं असा दगड उचलणं हा गुन्हाच, आणि कठीण प्रवाळाला तर वाघाइतकं कायद्याचं संरक्षण, तेव्हा कोरडा दगड आणून तोच पेटीत मुरवलेला बरा). तर असा दगड ठेवला, दोन-चार आठवडे गेले, आणि रात्री घर निजलं की पेटीतनं आवाज यायला लागतो. टक्. टक्. मालकाला वाटतं काच तडकली, उठून बॅटरी मारतो, काच शाबूत. मग एक दिवस गोगलगाय गायब, नंतर खेकडा, मग मासा. दगडाच्या भोकात कुणीतरी फुकटचा भाडेकरू येऊन बसलेला असतो, आणि तो दोघांपैकी एक असतो.

पहिली ती पिस्तूल कोळंबी. आपल्या कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही हिचे जातभाई आहेत. ओहोटीला दगडांच्या कपारींत कान दिला तर चटचट ऐकू येते, ती त्यांचीच. बोटाएवढा जीव, पण एक नांगी इतकी मोठी की कधी कधी अंगाच्या निम्मी भरावी. ती नांगी उघडते, ताणून धरते आणि अशी फटकन मिटते की नांगीतल्या खाचेतलं पाणी पिचकारीसारखं सुटतं, त्या वेगानं पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटतो. बरीच वर्षं शहाण्यासुरत्यांना वाटायचं की आवाज नांगीच्या दोन बाजू एकमेकींवर आपटल्याचा आहे. २००० साली नेदरलँड्स आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेरा लावला तेव्हा कळलं, की आवाज त्या बुडबुड्याचा. पुढच्या वर्षी तर त्यांना दिसलं की बुडबुडा मिटताना डोळ्याला न दिसणारा उजेडाचा कण पडतो, म्हणजे आत निदान ५,००० केल्विन तापमान झालेलं असतं. थंड पाण्यात बसून एवढी आग! अन् दुसऱ्या महायुद्धात ह्यांच्या कलकलाटानं आरमाराची पाण्याखालची ऐकायची यंत्रं गोंधळली होती. आता नांगी तुटली तर? तर समोरची धाकटी नांगी मोठी होऊन पिस्तूल बनते, आणि तुटलेल्या जागी उगवते ती धाकटी.

एवढी शस्त्रधारी, पण नजर अगदीच अधू. म्हणून ह्यांच्यातल्या काही जाती गोबी मासा पाळतात. म्हणजे कोण कोणाला पाळतं हे तुम्ही ठरवा. हा मासा आपल्या खाडीतल्या निवट्यांच्या गोतावळ्यातला. कोळंबी दिवसभर वाळू उपसते, बीळ सावरते, आणि गोबी दाराशी पहारा देतो, पन्हाळ्याच्या सज्जाकोठीवरनं खालच्या वाटेवर डोळा ठेवणाऱ्या शिपायासारखा. बाहेर येताना कोळंबी आपली मिशी माशाच्या अंगावर टेकवून ठेवते. माशानं शेपूट थरथरवलं की कामगार आत. पाहुणी कोळंबी पाळायचीच असेल तर ही जोडी पाळावी, कारण पहारेकरी बाहेर असला की मालकीण पण तोंड दाखवते. नाहीतर महिना-महिना दर्शन नाही.

दुसरा भाडेकरू मॅन्टिस कोळंबी. खरं म्हणजे ही कोळंबीच नव्हे, लांबची चुलत. कोकणात ट्रॉलरच्या जाळ्यात भाल्यासारख्या पायांची तिची जात भरपूर येते, आणि कोळी तिला हात लावताना जपून लावतात. भाले मारणारी ती एक, आणि दुसरी ठोसे मारणारी. ठोसेवालीचं नवल काय सांगावं! पायातला स्नायू पायाचं कडक कवच वाकवून ठेवतो, खिट्टीनं अडकवतो, आणि खिट्टी सुटली की ठोसा. २००४ साली शीला पाटेक ह्या बाईंनी मोजला तेव्हा तो सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला. तिथंही बुडबुडा होतोच, म्हणून गोगलगाईला एका फटक्यात दोन मार बसतात, पायाचा आणि बुडबुड्याचा. १९९८ साली इंग्लंडात हिच्या एका जातभाईनं पेटीची पाव इंच जाडीची काच फोडली होती; त्याचं नाव लोकांनी टायसन ठेवलं होतं, उगाच नव्हे.

म्हणून घरी ठेवणारे लोक पेटीच्या तळाशी दगडचुरा अंथरतात, प्लास्टिकच्या पाइपचं बीळ करून देतात आणि घास लांब काडीनं देतात. पेटीत दुसरं कुणी नसावं हे तर सांगायलाच नको. बीळ मिळालं की ही तिथंच राहते, आत गोगलगाई ओढून नेते, फोडते, शंखांचे तुकडे दाराबाहेर लोटते, आणि भांडण काढायचं ते फक्त ह्या दारावरनं. डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या बारा प्रकारच्या पेशी आहेत, तुमच्या-आमच्या तीन. तरी जवळजवळचे रंग वेगळे ओळखण्यात ती आपल्यापेक्षा कच्चीच निघाली, हेही एक.

आणि कात टाकते तेव्हा? पेटीत सकाळी तिचं पोकळ अंग पडलेलं दिसतं, आणि नवखा मालक मेली म्हणून रडतो. ती मात्र आत बिळात, नव्या कवचात, लोण्यासारखी मऊ. त्या दिवसांत ठोसा मारला तर तिचंच अंग फुटेल. पण १९८३ साली स्टेगर आणि कॅल्डवेल ह्या दोघांनी दाखवलं, की बिळावर परका चालून आला तर ही मऊ कोळंबीसुद्धा दारात येऊन दोन्ही हात पसरते, जणू आत्ता मारते की मग मारते. आव सगळा. पुष्कळदा पाहुणा घाबरून माघारी जातो, बीळ वाचतं. तेव्हा त्या दिवसांत पेटीत जिवंत खेकडा टाकू नये, आठवडाभर तिला तशीच राहू द्यावी, आणि बोट तर पाण्यात घालूच नये, कारण हात पसरलेली कोळंबी मऊ आहे की कडक, हे काचेबाहेरून आपल्याला कळत नाही.